गरम टबाचा पंप आणि दादांचे कान

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, मोटारीचं दुखणं कानाने कळतं, हे ओतूरच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांना माहीत होतं. त्या कानांना आता काही ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. आणि ते बाकी कोणाला कळू न देणं हे मी माझं काम समजत होते.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. मी शाळेत असताना, नव्वदच्या आगेमागे, दादांनी ते काढलं. विहिरीवरची मोटार कुरकुरायला लागली की शेतकरी ती जीपच्या टपावर बांधून आणायचे. दादा तिला टेबलावर चालू करत, स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. गिऱ्हाईक देवळात उभं राहिल्यासारखं गप्प. मग डोळे उघडून "मागचं बेअरिंग" किंवा "पंखा घासतोय" एवढंच सांगत, आणि उघडल्यावर तेच निघे. मी दहावीनंतर त्यांच्या हाताखाली बसले ती उठलेच नाही. लग्नही गावातच झालं, तीन गल्ल्या सोडून, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक सासरी आणि दिवसभर तांब्याच्या तारा माहेरी. तारेचे वेढे मोजताना मध्ये कोणी बोललं तर मी त्याला काय बोलेन याचा नेम नसायचा. गिऱ्हाइकं दादांपेक्षा मलाच जास्त घाबरायची, आणि मला ते आवडायचं.

दोन हजार साल उलटल्यावर आमच्या समोर एक नवं दुकान निघालं. तिथे काचेच्या कपाटात आकडे दाखवणारे मीटर, फिरती खुर्ची, आणि मोटार आत गेली की हातात छापील चिठ्ठी. आमच्याकडे एकच मीटर, त्याचा काटा अडकायचा, मग त्याला टिचकी मारावी लागायची. आमच्याकडे होतं ते एवढंच, दादांचे कान.

आणि नेमके त्याच सुमाराला ते कान गेले. आधी वाटलं, लक्ष नसतं. आई काहीही म्हणाली तरी उत्तर एकच. पीठ संपलंय, "बघू." जावई आलेत, "बघू." मग एक दिवस माझ्या हातून मोठा पाना पत्र्यावर पडला. गल्लीतलं कुत्रं उठून पळालं, समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघून गेला, आणि दादा माझ्याकडे पाठ करून शांतपणे तार गुंडाळत राहिले. मला तिथेच रडू आलं. त्यांना विचारायचा धीर झाला नाही. विचारलं असतं तर तेही "बघू" म्हणाले असते.

त्या दिवसापासून मी त्यांचे कान झाले. मोटार टेबलावर चालू झाली की मी हातातलं काम न सोडता कान तिकडे लावायचे. बेअरिंगची कुरकुर वाटली की टेबल आवरल्यासारखं करून, बेअरिंग ओढून काढायचा पुलर दादांच्या हाताजवळ ठेवायचे. वायंडिंग गेलंय असं वाटलं तर तारेचं रीळ. दादा ती वस्तू बघत, थोडं थांबत आणि गिऱ्हाइकाला निकाल सांगत. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. मी मनात म्हणायचे, बापाची अब्रू लेकीने राखली. असं चार वर्षं चाललं, आणि आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात जायची. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावणं दादांनी सोडलं होतं, ते मी समजू शकत होते. पण त्याऐवजी मूठ गेलेला एक जुना स्क्रू ड्रायव्हर, म्हणजे नुसती लोखंडी कांब, ते सारखी तोंडात धरायचे. दोन्ही हात मोटारीवर आणि कांब दातात. ग्रीसने माखलेली, कुठे कुठे पडलेली. मी ती दोनदा भंगारात टाकली आणि दोनदा त्यांनी शोधून आणली.

अशात एका उन्हाळ्यात दुकानाच्या दारात एक माणूस पोतं घेऊन उभा राहिला. पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या पाण्याकडे तोंड करून मुंबईच्या एका दातांच्या डॉक्टरांनी बंगला बांधला होता, हा तिथला राखणदार. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता दोन एकर कांदा आणि डॉक्टरांचा बंगला. आवाज मात्र मेंढरांमागचाच राहिला होता, या टेकडीवरून त्या टेकडीवर जाणारा. तो दादांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला आणि ओरडला, "दादा, टबाचा पंप हाय. जळला."

"कसला टब?" मी विचारलं.

बंगल्याच्या मागच्या अंगणात लाकडी चौकटीत बसवलेला पांढरा टब होता म्हणे, सहा माणसं बसतील एवढा. त्यात गरम पाणी भरायचं, माणसांनी आत बसायचं, आणि भोवतीच्या भोकांतून पाणी जोरात येऊन त्यांच्या पाठीला लागतं.

"कशापायी?"

"पाठ दुखती त्यांची."

"कशानं दुखते?"

"बसून बसून."

"आन् उपाय काय?"

"परत बसायचं. पाण्यात."

पंप जळायचं कारण सरळ होतं. पाणी बदलायला राखणदाराने टब रिकामा केला आणि बटण बंद करायचं राहून गेलं. कोरडा फिरून पंपाचं सील वितळलं, पुढे टब भरल्यावर पाणी मोटारीत शिरलं. वायंडिंग मी भरून दिलं असतं, पण पंपाचं प्लास्टिकचं तोंडच तापून वाकडं झालं होतं. म्हणजे बदली पंप आणणं आलं.

"मी आधी आपला इहिरीवरचा लावून बघितला," राखणदार म्हणाला. "तीन एचपीचा."

"मग?"

"डाक्टरांचं मेव्हणं बसलं व्हतं आत. ते उठलं."

"का?"

"त्यांनी काय न्हाई केलं. पाण्यानंच उठिवलं."

बदली पंप केवढा घ्यायचा यावर पाऊण तास गेला. जळक्या पंपाच्या पाटीवर इंग्रजीत तीन एचपी लिहिलेलं होतं. राखणदाराचं म्हणणं, घ्यायचाच तर पाचचा घ्या. आमच्याकडे रीतच तशी आहे. शेजाऱ्याने तीनची मोटार घेतली की आपण पाचची घ्यायची, विहिरीत पाणी किती ते नंतर बघायचं. दादांनी पंप उघडला, जळक्या तारेचं एक टोक खरवडून जाडी मोजायच्या गेजपट्टीत घालून पाहिलं, आणि म्हणाले, "दीड."

"अवो, पाटीवर तीन लिवलंय."

दादांनी ते ऐकलं नसणार, पण त्याचं बोट पाटीवर होतं, तेवढं पुरे झालं. "पाटीवर काय बी लिवत्यात," ते म्हणाले. "तार बघ. एवढ्याशा तारंत तीन एचपी मावत न्हाईत." मग त्यांनी मला सांगितलं की मोठा पंप लावला तर तो मागेल तेवढं पाणी त्या नळीतून येणार नाही, आणि आपल्या विहिरीवरच्या पंपाचं सील गरम पाण्यात टिकणार नाही, तेव्हा टबाचाच पंप बघ. त्यांनी लग्नपत्रिकेच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन साचे केले. एक तळाच्या भोकांचा, एक तळापासून नळीच्या तोंडापर्यंतच्या उंचीचा. दुसऱ्या दिवशी मी ते पुठ्ठे पिशवीत घालून पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत तीन दुकानदार माझ्या पुठ्ठ्यांना हसले. चौथ्याने माळ्यावरून एक खोकं काढलं. मी पुठ्ठा लावला, भोकाला भोक बसलं.

"दोनचाही आहे ताई, जोर राहील," तो म्हणाला.

"जोर माझ्याकडे आहे," मी म्हटलं आणि दीडचा घेऊन आले.

पंप बसवायला दादा आणि मी जीपने गेलो तेव्हा डॉक्टर आणि त्यांच्या बाई मुंबईहून येऊन बसलेच होते. भारनियमनामुळे वीज अकरापर्यंत आणि नंतर दोनपासून सहापर्यंत. राखणदाराने नव्या पंपाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पंप हातात घेऊन तोलून पाहिला.

"एवढासा? पावण्यांना गुदगुल्या करायच्यात व्हय?"

आम्ही नळ्या जोडल्या, टब भरला, बटण दाबलं. मोटार गुणगुणली, पाणी काही येईना. दादांनी पंपावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हवा धरली." तेवढ्यात वीज गेली. हवा काढायला एक नट ढिला केला की झालं, पाच मिनिटांचं काम. ते दोनला करू म्हणून आम्ही भाकरी खायला व्हरांड्यात बसलो.

राखणदार मात्र तिथे नव्हता. त्याने आपल्या डोक्याने रोगाचं निदान केलं होतं. आमच्या भागात विहिरीवरचा पंप पाणी उचलेना की नळीच्या बुडाचा फूटव्हॉल्व गळतोय असं समजतात, आणि शेण पाण्यात कालवून बादलीभर काला वरून पाइपात ओततात. शेणातल्या काड्या त्या फटीत जाऊन बसतात, गळती थांबते, पंप पाणी उचलतो. मी स्वतः हे दहा विहिरींवर पाहिलं आहे आणि औषध नामी आहे. फक्त टबाला विहीर नसते आणि फूटव्हॉल्वही नसतो. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कोणाला विचारलं नाही.

दोन वाजता वीज आली. मी नट ढिला केला, फुस्स करून हवा गेली, नट आवळला. बाई हौसेने टॉवेल घेऊन टबाशी उभ्या होत्या. मी बटण दाबलं आणि चारी बाजूंच्या भोकांतून एकदम हिरवं पाणी आलं.

बाईंनी टॉवेल तोंडावर धरला. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. वास सगळ्यांना एकदमच आला. राखणदार तेवढा समाधानाने म्हणाला, "बघा. उचललं का न्हाई पाणी?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. डॉक्टरांच्या बाईंनी टॉवेलाआडून माझ्या बोलण्याला अनुमोदन दिलं. टब दोनदा रिकामा करून घासला, पुन्हा भरला, यात चार वाजले. पुन्हा बटण दाबलं. पाणी आलं, पण करंगळीएवढं, आणि पंप खडे भरडल्यासारखा गुरगुरायला लागला.

"पंप नवाच आहे ना हा?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज सौम्य होता, पण प्रश्न नव्हता तो.

आता सगळे दादांकडे बघायला लागले. दुकानात निदान गिऱ्हाईक ओळखीचं असतं, टेबल आपलं असतं. इथे दादा चुकले तर राखणदार बाजाराच्या दिवशी ओतूरभर सांगणार, त्या आवाजात, आणि पुढच्या आठवड्यापासून सगळ्या मोटारी समोरच्या काचेच्या कपाटाकडे जाणार. मी जीव कानात आणून ऐकलं. बेअरिंग. नव्या पंपातही कधी कधी खराब बेअरिंग येतं. मी पिशवीतून पुलर काढला आणि सहज ठेवल्यासारखा दादांच्या गुडघ्याशी ठेवला.

दादांनी पुलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो हाताच्या पाठीने बाजूला सारला.

मी खोकले, म्हणजे त्याचा उपयोग नव्हता तरी खोकले, आणि पुलर परत ठेवला. त्यांनी परत सारला. मग खिशातून ती कांब काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंबईच्या दातांच्या डॉक्टरांसमोर माझा बाप ग्रीसने माखलेलं लोखंड दातात धरून पंपावर ओणवा झाला. टोक आधी मोटारीच्या मागच्या बाजूला टेकवलं, मग पुढच्या, मग पंपाच्या तोंडाला, मग पाणी आत येणाऱ्या नळीला. तिथे जरा जास्त वेळ थांबले. मग कांब काढून म्हणाले, "मोटार नीट हाय. तिला पाणीच कमी मिळतंय. बुडाची जाळी काढ."

टबात उतरून मी बसायच्या जागेखालची जाळी खोलली. तिच्या मागे, दोनदा घासूनही आमच्या नजरेला न पडलेल्या जागी, शेणातल्या काड्या घोंगडीसारख्या घट्ट बसल्या होत्या. गाईने उसाचं वाढं मन लावून चावलं होतं. मी ते ओढून काढलं. राखणदाराने बटण दाबलं, आणि टबात असं पाणी उसळलं की बाईंनी टॉवेल खाली ठेवून आत हात घातला. राखणदार म्हणाला की दीड एचपीच्या मानाने बरं आहे.

डॉक्टर मात्र टबाकडे बघतच नव्हते. ते दादांच्या समोर जाऊन बसले. "जरा आ करा," त्यांनी खुणेने सांगितलं. दादांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी त्यांची हनुवटी उन्हाकडे वळवली आणि आत बोट दाखवून मोठ्याने विचारलं, "खालच्या या दोन दातांना खाच पडलीय. किती वर्षं धरताय ही कांब?"

"झाली की चार वर्सं," दादा म्हणाले. "कानानं यायचं बंद झालं तवापास्नं."

कांद्याची काढणी कधी झाली ते सांगावं, तसं सांगितलं. मी टबात गुडघाभर पाण्यात उभी होते, तशीच राहिले.

डॉक्टर माझ्याकडे वळून सांगायला लागले की कानाची बाहेरची वाट बंद झाली तरी कधी कधी आतला कान शाबूत असतो, दातातून आणि जबड्याच्या हाडातून आवाज तिथवर पोचतो, त्यांना मोटार नीट ऐकू येतेय, पण लोखंड चावून दात जातील, पुण्याला नेऊन कान तपासून घ्या. दादांना त्यांनी तेच मोठ्याने सांगितलं. दादा म्हणाले, "बघू."

मला त्या क्षणी एकच सुचलं. मी टबातून बाहेर येऊन राखणदाराला बाजूला घेतलं आणि दटावलं, "हे गावात कुठं बोलायचं न्हाई."

"काय?"

"दादांच्या कानाचं."

"ताई, अख्ख्या पेठंला ठावं हाय. आमी काय हौसेनं वरडतो व्हय तुमच्या दुकानात? समुर उभं राहून बोलायचं, हे पोरासोरांना बी ठावं हाय."

चार वर्षं मला वाटत होतं की आमच्याकडची माणसं बोलतातच मोठ्याने.

"मग समोरच्या दुकानात का न्हाई जात कोणी?"

"गेल्तो की. तिथं चिठ्ठी मिळती. मोटार चार दिसांनी परत कुरकुरती."

परतीच्या जीपसाठी आम्ही रस्त्यावर येऊन थांबलो. मला राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. मी दादांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले, चार वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हटलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तू कुटं इचारलंस?"

"मग मी पुलर ठेवत व्हते, रीळ ठेवत व्हते, ते काय?"

"ते बरं व्हतं," ते म्हणाले. "तू काय ऐकलंस ते मला कळायचं. मला दातानं आलेलं आन् तू ठिवलेलं एक निघालं की लई बरं वाटायचं. म्हनलं, पोरगी शिकली."

"आन् एक न्हाई निघालं तर?"

"तर काय. तू जेवायला गेलीस की मी बरोबर ते करून टाकायचो. दोनदाच चुकलीस तू."

धुरळा उडवत जीप आली. मी डोळे पुसायच्या निमित्ताने पदर तोंडावर घेतला. दादा मागच्या पायरीवर चढले, वळले आणि म्हणाले, "आजचं धरून तीनदा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक कुरकुरणारी मोटार आली. दादा चहाला गेले होते. मी ती कांब साबणाने घासली, टोक मोटारीला टेकवलं आणि दुसरं टोक दातात धरलं. आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग सगळी मोटार माझ्या डोक्यात फिरायला लागली, आणि एका जागी ती खरखरत होती, अगदी स्पष्ट, मागच्या बाजूला. मी कांब पुसून दादांच्या जागी ठेवली आणि शेजारी पुलर ठेवला. दादा आले, समोर उभ्या गिऱ्हाइकाला थांब म्हणाले, कांब दातात धरली, डोळे मिटले. मी वेढे मोजायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. त्यांनी डोळे उघडले आणि पुलर उचलला.